शेतात एकत्र, भट्टीत वेगळे

श्रोतेहो, पावसाळा सरत आला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत, विशेषतः जेथे साग विरळ आहे आणि जमीन मुरमाड आहे अशा उतारांवर, पुरुषभर उंचीचे एक गवत तुऱ्यावर येते. त्याचे पाते बोटांत चुरगळून पाहिले तर गुलाबाची आठवण करून देणारा, पण किंचित तिखट असा वास येतो. खानदेशात ह्या गवताला रोशा म्हणतात. जुन्या मध्यप्रांतात त्याचे नाव तिखाडी. हिंदीत ते रूसा होते, आणि संस्कृतात रोहिष किंवा कत्तृण. अमरकोशात ही दोन्ही नावे दिलेली आहेत, म्हणजे ओळख बरीच जुनी. युरोपच्या बाजारात ह्याच गवताच्या तेलाला पामरोझा म्हणतात. एका गवताला इतकी नावे पडली, ह्याचा अर्थच असा की ते पुष्कळ हातांतून गेले आहे.

अलीकडे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे गवत शेतात लावण्याचा सल्ला मिळू लागला आहे. कोरडवाहू जमिनीत टिकते, एकदा लावले की चार-पाच वर्षे पीक देते, त्याच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत तुळस, सब्जा ह्यांसारख्या सुवासिक वनस्पती घ्याव्यात आणि दोहोंचे तेल काढावे, असे सांगतात. हा सल्ला नवा म्हणून सांगितला जातो. मी इतिहास शिकवणारा माणूस. खताच्या मात्रा सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ह्या सल्ल्याचे दोन्ही भाग, म्हणजे गवताचे तेल आणि ओळींमधले दुसरे पीक, आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. आजवर ते वेगवेगळे चालले, एवढेच. त्या दोघांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवला तर त्यातून एक उपयोगी गोष्ट निघते, ती आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

आधी गवताची हकीकत पाहू.

ह्या गवताच्या शास्त्रीय नावात ‘मार्टिनी’ असा शब्द आहे. तो क्लोद मार्टिन ह्या फ्रेंच माणसाच्या नावावरून आला. हा मार्टिन इंग्रज कंपनीच्या फौजेत मोठ्या हुद्द्यावर होता आणि लखनौला राहत असे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धाच्या वेळी तो दक्षिणेत बालाघाटावर होता. हा बालाघाट म्हणजे मध्यप्रदेशातला जिल्हा नव्हे, दख्खनचे घाटमाथ्यावरचे पठार. तेथे त्याच्या ध्यानात आले की गुरे एक विशिष्ट गवत मोठ्या आवडीने खातात, आणि त्याचा वास इतका उग्र की गुरांच्या दुधालोण्यालासुद्धा तो लागतो. त्याने बी गोळा केले. ते पुढे कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानातील विल्यम रॉक्सबर्गकडे पोचले, आणि रॉक्सबर्गने गवताला मार्टिनचे नाव दिले. एका लढाईच्या धामधुमीत असलेला अधिकारी गवताकडे इतक्या बारकाईने पाहतो, ही मौजेची गोष्ट खरी. पण ज्या गुराख्यांना दुधालोण्याचा तो वास आधीपासून ठाऊक होता, त्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत, हेही लक्षात ठेवावयास हवे.

तेल काढण्याचा मोठा उद्योग मात्र खानदेशात आणि निमाडात होता. १८८० साली निघालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये रोशाच्या तेलाची हकीकत दिलेली आहे. पिंपळनेर, नंदुरबार ह्या भागांत पावसाळ्यानंतर, गवत तुऱ्यावर आले की ओढ्यानाल्यांच्या काठी भट्ट्या लागत. आपल्याकडे भट्टी म्हटले की मोहाची आठवण होते. तत्त्व तेच. एका मोठ्या लोखंडी कढईत गवत दाबून भरावयाचे, त्यात पाणी घालावयाचे आणि वर लाकडी झाकण बसवून त्याच्या कडा उडदाच्या पिठाने लिंपून टाकावयाच्या, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. झाकणाच्या भोकातून पोकळ बांबू निघे. त्याचे दुसरे टोक अरुंद तोंडाच्या तांब्याच्या भांड्यात, आणि ते भांडे वाहत्या पाण्यात बुडवलेले. वाफ बांबूतून जाऊन गार होई आणि पाण्यावर तेलाचा थर जमे. शंभर किलो हिरव्या गवतातून अर्ध्या किलोच्या आसपास तेल निघते, एवढे प्रमाण ध्यानात घेतले म्हणजे त्या कामात गवत किती कापावे लागे आणि लाकूड किती जाळावे लागे ह्याची कल्पना येईल.

हे तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कुंडाईबारीच्या वाटेने सुरतेकडे आणि थळघाटाने मुंबईकडे जाई. मुंबईहून ते गलबतांनी तांबड्या समुद्राच्या बंदरांना लागे आणि तेथून इजिप्त, कॉन्स्टँटिनोपल. आता इतक्या दूरच्या तुर्कांना आपल्या रानगवताचे तेल कशासाठी हवे होते?

त्याचे उत्तर गुलाबाच्या अत्तरात आहे. त्या काळी बल्गेरिया हा तुर्की साम्राज्याचा भाग होता, आणि तेथील कझानलिकच्या खोऱ्यात गुलाबाचे तेल निघे. आजही निघते. एक किलो तेलासाठी तीन-चार हजार किलो फुले लागतात. इतक्या महाग मालात थोडे स्वस्त तेल मिसळले आणि वासात फरक पडला नाही, तर व्यापाऱ्याचे किती साधते हे सांगावयास नको. आपले रोशाचे तेल ह्या कामाला उत्तम होते. कॉन्स्टँटिनोपलला ते लिंबाच्या रसाच्या पाण्याबरोबर घुसळत, उन्हात ठेवत, म्हणजे त्याचा तिखट उग्रपणा कमी होई. मग ते ‘इद्रिस याघी’ ह्या तुर्की नावाने गुलाबवाल्यांच्या हाती जाई. पुष्कळदा ते तयार अत्तरात न घालता भट्टीत घालण्यापूर्वीच पाकळ्यांवर शिंपडत. मग फुले आणि गवत दोन्हींचे तेल एकत्रच निघे, आणि चोरी पकडणे कठीण होई. युरोपात ह्याच तेलाला ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणत. त्यात तुर्की काही नव्हते, जिरेनियमही नव्हते. पत्ता खानदेशचा आणि मध्यप्रांताचा होता.

ह्या चुकीच्या नावाची पुढे आणखी गंमत झाली. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ह्या हिंदुस्थानी गवताच्या तेलातून त्याचा मुख्य सुगंधी घटक वेगळा काढला, आणि त्याला ‘जिरॅनिऑल’ असे नाव दिले. गुलाबाच्या तेलातही हा घटक असतो, म्हणूनच दोन्ही वासांचे गोत्र एक. आज जगातील प्रत्येक साबणाच्या आणि अत्तराच्या कारखान्यात हा शब्द रोज उच्चारला जातो. तो पहिल्याने ज्या गवतातून निघाला त्याची आठवण मात्र त्या शब्दात कोठेही उरलेली नाही.

आता ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. रोशाचे गवत एक नाही, दोन आहेत. गवत कापणाऱ्या आणि तेल काढणाऱ्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. एकाला ते मोतिया म्हणत, दुसऱ्याला सोफिया. मोतिया कोरड्या, उघड्या उतारांवर सुटे सुटे ठोंब करून वाढते. त्याची पाती रुंद, बुडाशी धांड्याला कवटाळणारी आणि धांड्यापासून जवळजवळ काटकोनात बाहेर निघालेली असतात. सोफिया जरा ओलसर जागी दाट माजते, आणि त्याची पाती धांड्याला बिलगून वर जातात. मोतियाचे तेल म्हणजे खरे रोशाचे तेल, गुलाबी वासाचे. त्यात शेकडा ७५ ते ९० पर्यंत जिरॅनिऑल असते. सोफियाच्या तेलात ते पुष्कळ कमी असते, आणि त्याला आल्यासारखा उग्र वास येतो. म्हणून बाजारात त्याला ‘जिंजरग्रास’ असे वेगळे आणि हलके नाव मिळाले.

वनस्पतिशास्त्राचे पंडित ह्या भेदाकडे उशिरा वळले. १९०६ साली ऑटो स्टाफ ह्यांनी लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानाच्या पत्रिकेत हिंदुस्थान आणि सिलोन येथील तेलाच्या गवतांवर मोठा लेख लिहून नावांचा गोंधळ निस्तरला. १९०९ साली बर्किल ह्यांनी मोतिया आणि सोफिया ह्यांच्यावर स्वतंत्र टिपण लिहिले. दोन्ही गवते एकाच जातीची, फुलांच्या रचनेत सहज न ओळखू येणारी. फरक वाढण्यात आणि तेलात. म्हणजे विद्वानांना वाळलेल्या नमुन्यांवरून जे दिसत नव्हते, ते रानात विळा चालवणाऱ्याला नाकाने कळत होते.

पण कळणे वेगळे आणि वेगळे ठेवणे वेगळे. मोतियाने भरलेला उतार दूर असे, सोफियाचे रान नाल्याकाठी भट्टीच्या जवळ. मजुराला मजुरी भाऱ्यावर मिळे. मग भारा लवकर भरावा म्हणून थोडे हे, थोडे ते असे होणारच. भट्टीवाल्याने पाहिले न पाहिलेसे केले. पुढे दलालाच्या हातात तेल आले म्हणजे त्यात टर्पेंटाइन, घासलेट, कधी गोडे तेल जाई. ही भेसळ इतकी चालली की खरेदीदार तेल अल्कोहोलमध्ये विरघळवून पाहू लागले. शुद्ध रोशाचे तेल दोन-तीन पट सौम्य अल्कोहोलात स्वच्छ मिसळते, घासलेट वर तरंगते. परीक्षा सोपी. पण ज्या मालाची दर पिंपामागे परीक्षा करावी लागते, त्या मालाला चांगला भाव कोण देणार? शुद्ध तेल काढणारालाही भेसळीचाच भाव मिळू लागला.

ह्यात दोष कोणाचा, असे कोणी विचारील. मला वाटते, एकट्या मजुराकडे बोट दाखवणे बरोबर होणार नाही. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलातील गवतसुद्धा सरकारी उत्पन्नाची बाब झाली. गवत तोडण्याचे आणि तेल काढण्याचे ठेके दिले जाऊ लागले. ठेकेदाराला एका मोसमात पैसा वसूल करावयाचा असे. पुढच्या वर्षी तेच रान आपल्याला मिळेल ह्याची त्याला खात्री नव्हती, मग मोतियाचे ठोंब राखण्याची काळजी त्याने का करावी? आणि कापणारा तर रोजंदारीचा. गवताच्या गुणाशी ज्याचा कायमचा संबंध आहे असा माणूसच त्या साखळीत उरला नव्हता. मधल्या प्रत्येकाचा फायदा मिसळण्यात होता. वेगळे ठेवण्यात फायदा होता तो शेवटच्या गिऱ्हाइकाचा, आणि ते सात समुद्रांपलीकडे.

अशा धंद्याचे जे व्हावयाचे तेच झाले. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच जावा बेटावर रोशाची शेतात लागवड सुरू झाली होती. शेतातले गवत एका बियाण्याचे, एका वयाचे, वेळेवर कापलेले. त्याचे तेल सारख्या प्रतीचे निघे आणि बाजार ते उचली. त्यानंतर, १९५० च्या दशकापासून, टर्पेंटाइनवर प्रक्रिया करून कारखान्यात जिरॅनिऑल तयार करण्याच्या पद्धती निघाल्या. नियतीचा खेळ पाहा. ज्या टर्पेंटाइनची आपल्या तेलात चोरून भेसळ होत होती, त्याच टर्पेंटाइनमधून आता उघडपणे तोच सुगंध बनू लागला. नैसर्गिक तेलाला मागणी उरली नाही असे नाही. उंची अत्तरांना ते अजूनही लागते. पण ज्याला शुद्धतेची हमी देता येते त्याच्यासाठीच ती मागणी उरली.

केरळात गवती चहाच्या भाऊबंदाचे, म्हणजे लेमनग्रासचे, असेच झाले. त्या तेलातील सिट्रालपासून अ-जीवनसत्त्व बनवीत, म्हणून एके काळी त्याला परदेशात मोठी मागणी होती. १९५१ साली ओडक्कली येथे त्या गवताचे संशोधन केंद्रही निघाले. पुढे सिट्राल कारखान्यात होऊ लागले आणि निर्यातीचा तो जोर ओसरला. तात्पर्य, सुगंधी तेलाचा बाजार आपल्या हातात कधीच नसतो. गवताच्या एका पिकावर सगळे घर टेकवू नये, हा धडा दोन्हीकडून मिळतो.

येथे आपण दुसऱ्या इतिहासाकडे येतो. तो आहे ओळींमधल्या जागेचा.

वऱ्हाडात आणि आपल्याकडे कपाशीत किंवा ज्वारीत तुरीचे तास घालण्याची चाल इतकी जुनी आहे की तिचा आरंभ कोणी सांगू शकत नाही. काही तास कपाशीचे, मग एक तुरीचा, कडेने अंबाडी, मधूनच मूग, उडीद. पाऊस लवकर गेला तर मूग-उडीद हाती येतो. उशिरापर्यंत राहिला तर कपाशी. आणि दोन्ही बिघडले तर खोल मुळाची तूर थंडीत काहीतरी देऊन जाते. ही शेतकऱ्याची विमा-योजना होती, आणि तिचा हप्ता म्हणजे फक्त बियाण्याची एक जास्तीची मूठ.

आपल्या गडचांदूरच्या परिसराला तर ह्या बाबतीत आणखी एक वारसा आहे. आजचे राजुरा, कोरपना, जिवती हे तालुके ज्या भागात आहेत, तो राजुरा तालुका पूर्वी निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो नांदेडकडे आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. ह्या आदिलाबाद मुलखातल्या गोंड आणि कोलाम लोकांत १९४० च्या दशकात क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ राहिला, आणि १९४८ साली त्याचे आदिलाबादच्या राजगोंडांवरचे पुस्तक निघाले. डोंगरउतारावर झाडोरा जाळून, नांगराशिवाय, काठीने भोके पाडून पेरणी करण्याची कोलामांची पद्धत त्याने पाहिली. त्या शेतात ज्वारी, मका, बारीक धान्ये आणि कडधान्ये एकाच तुकड्यात असत. बाहेरच्या पाहुण्याला ते अव्यवस्थित वाटे. परंतु प्रत्येक धान्याची कापणी वेगळ्या महिन्यात, मुळे वेगळ्या खोलीवर, उंची वेगळी. जमीन उघडी पडत नसे आणि घरात एकदम उपासमार होत नसे. म्हणजे मिसळण्यात एक हिशेब होता.

आता ह्या दोन्ही धाग्यांची गाठ कोठे पडते ते पाहू. १९५९ साली सुगंधी आणि औषधी वनस्पतींसाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे लखनौला. मोतिया गवताचे निवडक वाण काढणे, ते शेतात लावणे, भट्टी सुधारणे ही कामे तिने केली. हैदराबादजवळ बोडुप्पल येथे तिचे केंद्र आहे, आणि तेथील कोरडवाहू हवामान आपल्याला परके नाही. २०१७ च्या सुमारास ‘अरोमा मिशन’ ह्या नावाने ही लागवड देशभर नेण्याची मोहीम सुरू झाली. रान सोडून गवत शेतात आले, तशी शेतकऱ्याची जुनी अडचणही पुढे आली. मे महिन्यात गादीवाफ्यावर बी टाकून जुलैत रोपे लावली तर पहिली कापणी यावयास साडेतीन-चार महिने लागतात. ओळींत दोन फुटांच्या आसपास अंतर ठेवावे लागते. सुरुवातीला रोपे दोऱ्यासारखी बारीक असतात, आणि तोवर मधल्या मोकळ्या जागेत तण माजते. निंदणाचा खर्च आधी, उत्पन्न नंतर. चार एकरांच्या शेतकऱ्याला हे चार महिनेच जड जातात.

ह्या जागेत काय घ्यावे ह्यावर प्रयोग झाले आहेत. इंदूरच्या कृषी महाविद्यालयात १९९० च्या दशकात काळ्या जमिनीत रोशा आणि तूर ह्यांच्या ओळी किती अंतराने ठेवाव्यात हे पाहिले गेले. आपली जमीनही बहुतांशी काळी, म्हणून तो प्रयोग आपल्याला जवळचा. सुगंधी वनस्पतींपैकी सब्जा आणि त्याच्या जातीच्या तुळशी ह्या जागेला बऱ्या बसतात. रोपे लावल्यापासून ऐंशी-नव्वद दिवसांत त्या पूर्ण फुलावर येतात, म्हणजे गवताचा पहिला तुरा निघण्यापूर्वी त्यांची कापणी उरकते. पुदिन्याला पाणी फार लागते, तो ओलिताखालीच शोभतो. दवणा थंडीच्या दिवसांचा आणि ओलिताचा. कर्नाटकात त्याचे तेल काढतात. ज्याला तेलाच्या फंदात एकदम पडावयाचे नसेल, त्याने पहिल्या वर्षी नुसता मूग किंवा उडीद घ्यावा. तो सत्तर दिवसांत निघून जातो आणि जमिनीला काही देऊन जातो. खानदेशच्या भट्टीवर झाकण लिंपावयाला लागणारा उडीद येथे गवताच्या ओळीतच पिकला, असे म्हणावयाचे.

एक-दोन पथ्ये मात्र आहेत. रोशाला ऊन हवे. तुरीचे तास दाट झाले आणि सावली पडली तर गवत बारीक राहते. पाणी साचलेले त्याला चालत नाही, म्हणून खोलगट काळ्या बांधीत त्याची लागवड करू नये. चुनखडीच्या जमिनीत ते तग धरते, ही आपल्या भागाच्या दृष्टीने चांगली गोष्ट. येथल्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे राहिले, थोडे गवतही उभे राहिले तर बिघडले नाही. ओळीचे अंतर डवरा फिरेल इतके तरी असावे, नाहीतर सगळे निंदण हातावर येते. दुसऱ्या वर्षापासून गवताचे ठोंब पसरून मधली जागा व्यापतात, तेव्हा आंतरपिकाचा खरा हंगाम पहिलाच.

परंतु सर्वांत मोठे पथ्य भट्टीवरचे आहे, आणि त्यासाठीच मी मोतिया-सोफियाची सगळी कथा सांगितली. शेतात तुळस आणि रोशा शेजारी शेजारी उभे राहिले तर दोघांचेही बरे होते. पण कापणीच्या वेळी दोघांचे भारे एका गाडीत पडले आणि एका डेगेत शिजले, तर निघणारे तेल तुळशीचेही नसते आणि रोशाचेही नसते. त्याला बाजारात नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याला भाव नाही. एवढेच नव्हे, तुळस काढल्यावर भट्टी नीट न धुता तिच्यात रोशा भरला तरी पहिल्या घाण्याच्या तेलाला परका वास लागतो. गावात चार-सहा शेतकऱ्यांत मिळून एक भट्टी असेल, आणि तशीच ती असावयाची कारण एकट्याला ती परवडत नाही, तर कोणाचे कोणते गवत कोणत्या दिवशी हे लिहून ठेवणारी एक वही भट्टीइतकीच आवश्यक आहे.

बियाण्याचेही तेच. वर्षायु पिकात खोटे बी निघाले तर नुकसान एका हंगामाचे. रोशाचे ठोंब चार-पाच वर्षे जमिनीत राहतात. रानातून सोफियाचे मिसळलेले बी आणून पेरले तर ती भेसळ पाच वर्षे दर कापणीला तेलात उतरते. आणि पहिले वर्ष-सहा महिने, रोप लहान असताना, शेतकऱ्याला ती दिसतही नाही. म्हणून बी माहितीच्या ठिकाणाहून घ्यावे, आणि शेतात पाती बिलगून वर जाणारे उपरे ठोंब दिसले की ते फुलावर येण्याआधी उपटून काढावेत.

रानातल्या गवताचे काय, असेही कोणी विचारील. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तेथील ग्रामसभेने बांबूच्या बाबतीत तो प्रत्यक्षात आणून दाखवला. ठेकेदारीच्या काळात जो माणूस साखळीतून नाहीसा झाला होता, म्हणजे पुढच्या वर्षीही हेच रान आपले आहे असे समजणारा माणूस, तो अशा गावांत पुन्हा उभा राहतो. मोतियाचा उतार राखावयाचा तर तो असाच माणूस राखील.

श्रोतेहो, खानदेशचे भट्टीवाले, निमाडचे कापणारे, आदिलाबादच्या डोंगरातले कोलाम, कपाशीत तुरीचे तास घालणारा आपला कुणबी, ह्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकाने मिसळून सांभाळले आणि दुसऱ्याच्या मालाची पत मिसळल्यामुळे गेली. शेतात मिसळताना शेतकरी आपल्या कुटुंबाची काळजी घेत होता, आणि भट्टीत मिसळताना ठेकेदार आणि दलाल तो मोसम उरकत होते. आज गडचांदूरच्या आसपास कोणी दोन एकरांत रोशा लावावयाचा विचार करीत असेल, तर त्याने ओळीत सब्जा, तुळस, उडीद जे मानवेल ते खुशाल घ्यावे. आपल्या वाडवडिलांनी तेच केले. मात्र कापणीच्या दिवशी दोन विळे, दोन भारे आणि भट्टीवर दोन दिवस एवढी शिस्त राखावी. नंदुरबारच्या ओढ्याकाठच्या भट्ट्यांना ती राखता आली असती, तर त्या तेलाला कदाचित आपल्याच नावाने जगभर जाता आले असते.